चामड्याचा हिशेब

पुरस्कर्ता : तुम्ही आकडे मागणार हे ठाऊक आहे, म्हणून आधी तेच उरकून टाकतो. २०२३-२४ मध्ये भारतातून चामडं, चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणं मिळून सुमारे ४.७ अब्ज डॉलरचा माल परदेशी गेला. या धंद्यावर पोट असलेली माणसं ४४ लाखांच्या घरात आहेत, असं निर्यातदारांची परिषद सांगते. त्यांत ३० टक्क्यांच्या आसपास बायका. पण मला डॉलरपेक्षा त्या डॉलरमागे लागणाऱ्या हातांबद्दल बोलायचंय. तेल शुद्ध करून तेवढीच कमाई करायची तर भांडवल अफाट लागतं आणि माणसं मोजकी. बुटाचं उलटं आहे. चामडं निवडणारा, अप्परचे तुकडे कापणारा, त्यांच्या कडा पातळ करणारी, शिवणारी, साच्यावर ओढून बसवणारा, तळ चिकटवणारा, पॉलिश करून डब्यात भरणारी. एका जोडाला किती जणांचा हात लागतो बघा. आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट हा तमिळनाडूतला पट्टा घ्या. तिथल्या कारखान्यांतून खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका काम करतात. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या, शेतात राबायचं नाही असं ठरवलेल्या मुलीला दर महिन्याला पगार देणारं दुसरं काय आहे तिथे? संगणकाने देशाला डॉलर मिळवून दिले, पण त्या मुलीला नोकरी दिली नाही.

साशंक : तोच आकडा मी दुसऱ्या टोकाने वाचतो. त्या वर्षी देशाची एकूण वस्तुनिर्यात ४३७ अब्ज डॉलर होती. म्हणजे तुमचं चामडं शंभरात जेमतेम एक. बरं, लहान का असेना, वाढतंय म्हणावं, तर तेही नाही. २०१४-१५ला हीच निर्यात साडेसहा अब्जांच्या आसपास होती. नऊ वर्षांत जी चौथाईहून जास्त घटली तिला देशाचा आधारस्तंभ कसं म्हणायचं? तिकडे व्हिएतनाम नुसती पादत्राणं २० अब्ज डॉलरहून जास्त किमतीची विकतो, आणि त्यांतली बहुतेक चामड्याची नसतात. जगाने खेळायचे बूट घातले. कचेरीतसुद्धा लोक तेच घालून येऊ लागले. आपण अजून काळ्या चामडी बुटांच्या ऑर्डरी मोजतोय. तुमच्याच तमिळनाडूत आज तैवानी कंपन्या येतायत, त्या कशासाठी? चामड्यासाठी नाही. चेय्यारला, राणीपेटजवळ पनप्पाक्कमला जे उभं राहिलं आणि राहतंय ते रबराचं, कापडाचं, कृत्रिम धाग्याचं आहे. तुमची ती मुलगी उद्याही नोकरीला जाईल, तिच्या हाताखाली कातडं असणार नाही, एवढंच. मग चामड्याचं म्हणून वेगळं काय महत्त्व उरलं?

पुरस्कर्ता : उरलं ते असं की त्या बुटाचा धागा, तळ, साचा, आराखडा, नाव सगळं बाहेरून येतं आणि आपण शिवणकाम विकतो. चामड्याच्या बाबतीत आपल्याकडे कातड्यापासून पिशवीपर्यंतची अख्खी साखळी आहे, आणि ती आयती मिळालेली नाही. थोडा इतिहास सांगू द्या. स्वातंत्र्यानंतरची पहिली २०-२५ वर्षं आपण काय विकत होतो? कच्चं आणि अर्धं कमावलेलं कातडं. मद्रासहून ते युरोपात जायचं, तिकडे त्याच्यावर शेवटचा हात फिरायचा आणि किंमत कितीतरी पट व्हायची. १९४८मध्ये मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्था निघाली. १९५८पासून तिचे संचालक असलेले यलवर्ती नायुडम्मा गुंटूरकडच्या शेतकरी घरातले. ज्या कामाच्या वासाने शिकलेला माणूस नाकाला रुमाल लावायचा, त्या कामाची त्यांनी प्रयोगशाळा केली आणि ती टॅनरीच्या दारापर्यंत नेली. मग सीतारामय्या समितीच्या शिफारशींवरून १९७३मध्ये सरकारने अर्ध्या कमावलेल्या मालाच्या निर्यातीवर कोटा आणि कर बसवला आणि सांगितलं, विकायचं तर तयार चामडं विका, बूट विका. ओरड झाली. पण पुढच्या २० वर्षांत निर्यातीचा चेहरामोहरा बदलला. कातडं विकणारा देश बूट, पिशव्या, जाकिटं विकू लागला. आपल्या औद्योगिक धोरणांत इतकं सरळ यश आलेली धोरणं किती सापडतील?

साशंक : यश आलं हे कबूल. सरळ होतं हे कबूल नाही. अर्धं कमावलेलं कातडं विकणारा टॅनर छोटा होता. चार खड्डे, दोन-चार मजूर, हिरडा आणि तरवडाची साल. शेवटचा हात फिरवायच्या यंत्रांना लागणारं भांडवल त्याच्याकडे नव्हतं. तुमच्या धोरणाने त्याची निर्यात बंद केली आणि तो मोठ्याच्या दारात मजुरीवर कातडं कमावून देणारा झाला. देशाच्या खात्यावर डॉलर वाढले त्याच काळात त्याच्या खात्यावर काय झालं, ते कोणी मोजलं नाही. गंमत पुढे आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारने क्रस्ट चामड्यावरचा २० टक्के निर्यात कर काढून टाकला. क्रस्ट म्हणजे शेवटचा हात न फिरवलेलं चामडं! कारण काय दिलं? छोट्या टॅनरला निर्यात करता यावी. ५० वर्षांनी त्याची आठवण झाली. त्याच दिवशी वेट ब्लूवरचं, म्हणजे नुसत्या क्रोमने कमावलेल्या ओल्या कातड्यावरचं, आयात शुल्कही माफ केलं, कारण आपल्याला आता चांगलं कातडं बाहेरून आणावं लागतं. १९७३चं धोरण बरोबर असेल तर हे चूक, आणि हे बरोबर असेल तर तुम्ही आत्ता ज्याचे पोवाडे गायलेत ते किमान अपुरं.

पुरस्कर्ता : दोन्ही आपापल्या वेळी बरोबर असू शकतात. शिडी चढताना एक नियम लागतो, वर पोचल्यावर दुसरा. आज कारखानदाराकडे परदेशी गिऱ्हाईक आहे, शिवणयंत्रं आहेत, पण मालाला लागतं तसं कातडं कमी पडतं. त्याला ते बाहेरून आणू दिलं तर तो तयार जोड विकेल. त्याच अर्थसंकल्पात पादत्राणं आणि चामड्याच्या योजनेतून २२ लाख रोजगार, ४ लाख कोटींची उलाढाल आणि १ लाख १० हजार कोटींहून जास्त निर्यात अपेक्षित धरलीय. अपेक्षा फुगवून सांगितल्या जातात, मान्य. दिशा मात्र मला पटते.

साशंक : दिशेबद्दल बोलायचं तर नदीच्या दिशेने जाऊ. तमिळनाडूतल्या तुमच्या त्याच पट्ट्यातली पालार नदी वेल्लोर जिल्ह्यातून वाहते, म्हणजे पावसाळ्यात वाहते. एरवी लोक तिच्या वाळूखालचं पाणी पितात. तिच्या काठाने टॅनऱ्या वाढल्या. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्या नागरिकांच्या याचिकेवर निकाल दिला. त्यात टॅनरी-पट्ट्यातली जवळपास ३५,००० हेक्टर शेतजमीन कमी-जास्त प्रमाणात नापीक झाल्याची नोंद आहे. न्यायालयाने हेही लिहिलं की चामड्याचा उद्योग परकीय चलन मिळवून देणारा आहे, रोजगार देणारा आहे. तरीही पर्यावरण उद्ध्वस्त करायचा हक्क त्याला नाही. म्हणजे तुमचा आर्थिक महत्त्वाचा युक्तिवाद तिथे ऐकून, समजून घेऊन बाजूला ठेवला गेला. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजायची, हे तत्त्व भारतीय कायद्यात पक्कं झालं ते याच निकालाने. त्याआधी १९८७मध्ये गंगेच्या खटल्यात कानपूरच्या टॅनऱ्यांबद्दल न्यायालयाने आणखी रोखठोक भाषा केली होती. जो कारखाना किमान वेतन देऊ शकत नाही त्याला चालायचा हक्क नाही, तसाच सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रियासुद्धा करू शकत नाही त्यालाही नाही. मला हा युक्तिवाद फार आवडतो. तो अर्थशास्त्राच्या विरोधात जात नाही. खर्चाची एक ओळ तुम्ही वहीत लिहिलेलीच नाही, एवढं तो दाखवून देतो.

पुरस्कर्ता : ती ओळ लिहायला आम्ही शिकलो, हे तुम्ही सांगत नाही. १९८९मध्ये जर्मनीने पेंटाक्लोरोफेनॉलवर बंदी घातली. कातड्याला बुरशी लागू नये म्हणून ते वापरायचे. एका रात्रीत आपला माल बंदरात अडकायची पाळी आली. पाठोपाठ काही ॲझो रंगांवर बंदी आली. तेव्हा सगळे म्हणाले, संपलं. संपलं नाही. संशोधन संस्था, रसायनवाले, टॅनर यांनी मिळून पर्यायी रसायनं बसवली, तपासणीच्या सोयी उभ्या केल्या, आणि माल पुन्हा जर्मनीला गेला. १९९६च्या निकालाच्या आगेमागे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं झाली. कोलकात्यात टांगरा, तिलजला, टोपसियाच्या टॅनऱ्यांना बानतलाला हलवलं. कातडं क्रोमने कमावायची नेहमीची पद्धत घ्या. ड्रममध्ये टाकलेल्या क्रोमपैकी साधारण दोन तृतीयांश कातडं घेतं, उरलेलं पाण्यात जातं. आता संशोधन संस्थेने जवळपास पाण्याशिवाय क्रोमने कमावायची रीत काढलीय. उद्योग शिकतो, पण शिकायला तो जिवंत असावा लागतो. आणि पर्याय काय आहे? जनावर दुधासाठी, मांसासाठी, नांगरासाठी पाळलं जातं. कातड्यासाठी कोणी म्हैस पाळत नाही. २०१९च्या पशुगणनेत जवळपास ११ कोटी म्हशी आणि १५ कोटी शेळ्या होत्या. त्यांचं कातडं निघणारच. ते कमावलं नाही तर सडेल. त्याऐवजी लोक जे घालतील ते बहुतेक प्लास्टिक असेल, आणि प्लास्टिकची पालार कुठल्या देशात वाहते ते आपल्याला दिसत नाही, एवढंच.

साशंक : प्लास्टिकचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळणार नाही. पण शिकण्याची गोष्ट तुम्ही निम्मी सांगितली. जर्मनीने बंदी घातली तेव्हा उद्योग काही वर्षांत शिकला, कारण गिऱ्हाईक तिकडे होतं. पालारकाठच्या माणसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाला ३० जानेवारी २०२५ला, म्हणजे २८ वर्षांनी, पुन्हा भरपाईचे आणि नदी सुधारण्याचे आदेश द्यावे लागले. दोन्हींतल्या वेगाचा फरक बघा. हॅम्बुर्गच्या ग्राहकाच्या कातडीला खाज येऊ नये याची काळजी लवकर घेतली गेली. आणि क्रोमचंच बोलताय, तर मिठाचं बोला. कच्चं कातडं टिकवायला त्याच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास मीठ चोळतात. टॅनरीत ते धुतलं की सगळं पाण्यात. क्रोम खाली बसवता येतं. मीठ विरघळलेलंच राहतं. ते काढायला पाणी गाळून, आटवून कोरडं करावं लागतं, त्याला वीज लागते, आणि शेवटी आवारात मिठाचे ढीग उरतात. ते कुठे टाकायचे याला धड उत्तर नाही. ज्या प्रक्रिया केंद्रांचं तुम्ही कौतुक केलंत त्यांतल्या राणीपेटच्या एका केंद्रात ३१ जानेवारी २०१५च्या पहाटे गाळ साठवलेल्या टाकीची भिंत कोसळली आणि शेजारी झोपलेले दहा कामगार त्या गाळाखाली मेले. प्रदूषण निस्तरण्याच्या कामात माणसं मेली! तत्त्व म्हणतं, प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी. प्रदूषण करणारा कोण? ड्रम फिरवणारा टॅनर, की एका बुटाला दोन डॉलर कमी द्या म्हणून घासाघीस करणारं परदेशी दुकान? टॅनर म्हणतो, शुद्धीकरणाचा खर्च किमतीत घातला तर ऑर्डर बांगलादेशला जाते. तो खोटं बोलत नाही. २०१९च्या कुंभमेळ्यासाठी कानपूरच्या जाजमऊतल्या टॅनऱ्या महिनोन्‌महिने बंद ठेवल्या तेव्हा ऑर्डरी गेल्याच.

(लिहिणाऱ्याचं मत विचाराल तर इथपर्यंत साशंकाचं पारडं जड आहे. पण पुरस्कर्त्याने अजून कोल्हापूर काढलेलं नाही, आणि चामड्यावर बोलणारा मराठी माणूस कोल्हापूर काढल्यावाचून राहत नाही.)

पुरस्कर्ता : ठीक आहे. मग क्रोम नसलेलं, ड्रम नसलेलं चामडं घ्या. कोल्हापुरी. म्हशीचं कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं, त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं, झिरपू द्यायचं, पुन्हा भरायचं. क्रोमचं काम एक-दोन दिवसांत होतं, याला आठवडे लागतात. हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले आदिवासी गोळा करतात, म्हणजे त्या चपलेत सह्याद्रीतलं झाडसुद्धा आहे. मग कापशी, पुकरी, बक्कलनाली असे प्रकार. वेण्या बऱ्याचदा घरातल्या बायका वळतात. २०१९मध्ये महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला नाव न घेता मंचावर आणल्या, आपल्याकडे आरडाओरड झाली, मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली. पण पुढे काय झालं ते बघा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपलं चर्मोद्योग महामंडळ, कर्नाटकचं महामंडळ आणि प्राडा यांचं ठरलं की २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, किंमत ८०० युरोंच्या आसपास. जे कोल्हापुरात हजार-दीड हजाराला मिळतं त्याला जग ऐंशी हजार देतंय. चढायची शिडी अजून संपलेली नाही, एवढंच मला म्हणायचंय.

साशंक : दोन हजार जोड. कोल्हापुरात दिवाळीला एखाद-दुसऱ्या गल्लीत त्याहून जास्त खपत असतील. असो, ते लहान आहे म्हणून मी त्याला हिणवत नाही. मला खुपतं ते वेगळं आहे. तुम्ही चप्पल कशी होते ते सुंदर सांगितलंत, फक्त कोण करतं ते सांगितलं नाहीत. कातडं पिशवीत कमावणारे ढोर समाजाचे, चप्पल शिवणारे चर्मकार, आणि त्या आधी गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणारे महार. गावगाड्यात हे वाटून दिलेलं होतं. मिळायचं ते बलुतं, आणि त्याच्याबरोबर विटाळ. मूल्यसाखळी म्हणता तुम्ही, ती आधी जातींची उतरंड होती. आता बाबासाहेब आंबेडकर आठवा. १९२७ला महाडच्या परिषदेत त्यांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं सोडा. त्यावर अनेकांनी अगदी तुमचाच मुद्दा काढला. त्यात पैसा आहे! १५ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी भाषणात 'केसरी'तल्या एका पत्राची हकिगत सांगितली. गावात अमुक ढोरं मरतात, त्यांचं कातडं, शिंगं, हाडं विकून शेकडो रुपये मिळतात, ते तुमचे पुढारी बुडवतायत, असा त्या पत्राचा सूर होता. बाबासाहेबांचं उत्तर असं की मग हा फायदा तुम्हीच घ्या, ढोरं तुम्हीच ओढा, वर मी पदरचे पैसे देतो. पुढे आलं कोणी? आर्थिक महत्त्वाचा युक्तिवाद महाराष्ट्रात नवा नाही हो. तो आधी अशा माणसांना ऐकवला गेला ज्यांना त्या धंद्यातून बाहेर पडायचं होतं. आणि ऐकवणारे असे होते की ज्यांना तो धंदा स्वतः कधी करायचा नव्हता.

पुरस्कर्ता : हे उत्तर निरुत्तर करणारं आहे, त्याच्यापुढे मी वाद घालणार नाही. पण त्याच काळात दुसरा एक प्रयोगही महाराष्ट्रातच चालला होता. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवत होते, गांधीजींच्या प्रेरणेने. स्वतः सवर्ण असून ते कातडं कमावायला बसले. मेलेल्या जनावराचं चामडं नीट वापरलं तरच गोरक्षण पैशांच्या हिशेबात टिकेल, असं गांधीजींचं म्हणणं होतं...

साशंक : आणि तो प्रयोग किती पसरला? वाळुंजकरांसारखे किती निघाले? मी त्यांना मानतो, पण एका माणसाने स्वेच्छेने बसणं आणि हजारोंनी जन्माने बसवलं जाणं यांची गाठ घालू नका.

पुरस्कर्ता : घालत नाही. मी आग्र्याला जातो. तिथले जाटव. हेच काम, हाच विटाळ. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्यातले काही जण बुटांचे कारखानदार झाले, ठेकेदार झाले. त्या पैशातून मुलं शिकली, समाजाच्या संस्था उभ्या राहिल्या, आणि बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाला उत्तर भारतात एक बालेकिल्ला मिळाला. मार्च १९५६मध्ये बाबासाहेब स्वतः आग्र्याच्या सभेत बोलले. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ओवेन लिंच याने १९६९मध्ये त्या जाटवांवर पुस्तक लिहिलं ते उगाच नाही. म्हणजे बघा, एका ठिकाणी कातडं सोडून स्वाभिमान मिळाला, दुसऱ्या ठिकाणी त्याच कातड्याच्या कमाईने स्वाभिमानाच्या चळवळीला बळ दिलं. हे तुम्ही कसं बसवाल? धंदा तोच. फरक मालकीचा. ज्याच्या हातात बाजार आला त्याच्या हातात मान आला.

साशंक : आता तुम्ही माझ्या जवळ आलात, म्हणून सावध होतो. आग्र्याचा बाजार कोणाच्या हातात आहे? हिंग की मंडीत जा. छोटा कारागीर घरी केलेले जोड आडत्याकडे नेतो. आडत्या रोख देत नाही, पर्ची देतो. काही महिन्यांनी पैसे मिळतील अशी चिठ्ठी. कारागिराला उद्या चामडं घ्यायचं असतं, म्हणून तो ती पर्ची तिथेच कट कापून वटवतो. म्हणजे आपल्याच मालाच्या पैशावर तो व्याज भरतो. थोडे जाटव मालक झाले, हे खरं आणि मोठंच. बाकीचे पर्चीवर राहिले. आणि तुमच्या मालकीच्या सिद्धांतावर आणखी एक घाव बसलाय. महाराष्ट्रात २०१५पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हैस सुटली, म्हणून कोल्हापुरी जरा वाचली, पण कातड्याचा बाजार आटला. जुलै २०१६ला गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या चार दलित तरुणांना गाडीला बांधून मारलं. जनावर मेलेलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला सांगितलं हे तुझंच काम, त्यालाच आता सांगितलं, केलंस तर मारू. त्यानंतर गुजरातेत कितीतरी ठिकाणी दलितांनी मेलेली ढोरं उचलणं बंद केलं. म्हणजे महाडचा ठराव नव्वद वर्षांनी तिथे अमलात आला, मारहाणीच्या उत्तरादाखल. देशाला चामड्याच्या निर्यातीचं महत्त्व इतकं वाटत असेल, तर कातडं काढणाऱ्याच्या जिवाचं महत्त्व त्यात कुठे येतं?

पुरस्कर्ता : येत नाही. मान्य. मी धंद्याची बाजू घेतो तेव्हा त्या गुंडांची बाजू घेत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण तुमच्या मांडणीत मला एक धोका दिसतो. तुम्ही धंद्याला इतके दोष लावता की शेवटी तो बंद झाला तर बरंच, असा निष्कर्ष आपोआप निघतो. २७ ऑगस्ट २०२५ला अमेरिकेने आपल्या मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं. अमेरिका चामड्याचं आपलं मोठं गिऱ्हाईक. आग्रा, कानपूर, आंबूर, सगळीकडे ऑर्डरी अडकल्या. अशा वेळी शिवणाऱ्या बाईचं काम तुटतं तेव्हा तिला कोणी सांगितलं की आता तू विटाळातून मोकळी झालीस, तर ती काय म्हणेल? बाबासाहेबांनी सोडा म्हटलं तेव्हा सोबत शिका म्हटलं, शहरात या म्हटलं. पुढचं दार दाखवून मागचं बंद केलं. नुसतं मागचं बंद करणारे आजकाल पुष्कळ झालेत.

साशंक : हा तुमच्या बाजूचा आजचा सगळ्यात चांगला मुद्दा, आणि मला त्याचं उत्तर सुचत नाही. मी बंद करा म्हणत नाहीच. मी एवढंच विचारतो की धंदा महत्त्वाचा आहे की नाही हे ठरवताना आपण दोनच गोष्टी का मोजतो, डॉलर आणि डोकी? ज्याला या धंद्यातून बाहेर पडायचंय त्याला बाहेर पडता येतं का, आणि ज्याला यात राहायचंय त्याला वर चढता येतं का, हेही मोजा. पहिल्याचं उत्तर नाही असेल तर ४४ लाख हा आकडा अडकलेल्यांचाही असू शकतो.

पुरस्कर्ता : आणि दोन्हींची उत्तरं होय असतील, तर तेवढाच आकडा अभिमानाचा ठरतो. आपण भांडत होतो ते उद्योगावर नव्हतंच, वाटतं. पण व्यवहारात सांगा. कोल्हापुरात आज तक्रार अशी आहे की पोरं रापी-आरी हातात धरत नाहीत. चर्मकाराचा मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जातो. हे तुमच्या मोजपट्टीवर काय? बाहेर पडला म्हणून यश? की ज्या कलेला जग ८०० युरो देतंय ती त्याच्या घरात संपली म्हणून नुकसान?

साशंक : त्याने बघून, तोलून सोडली असेल तर यश. पैसे सुटत नाहीत म्हणून सोडली असेल तर नुकसान, आणि ते त्याचं नव्हे, तुमचं. धारावीत एकाने पिशव्यांचा ब्रँड काढला आणि त्याला 'चमार' हेच नाव दिलं. ज्या नावाने हिणवलं तेच नाव महाग मालावर. आणि गंमत, तो माल बराचसा टाकाऊ रबराचा, चामड्याचा नाहीच. हे तुमच्या कुठल्या खात्यात घालाल?

पुरस्कर्ता : माझ्या! हात तेच, कसब तेच, कच्चा माल बदलला. उद्योगाचं महत्त्व कातड्यात नसून त्या कसबात आहे, असंच मी म्हणेन.

साशंक : मग तुमची निर्यात परिषद, तुमचं शुल्क, तुमची क्रस्ट-वेट ब्लूची भांडणं ही सगळी कातड्याभोवती का? कसबाभोवती धोरण करायचं तर प्राडाशी झालेल्या त्या ठरावापासूनच सुरू करा. ८०० युरोंतले किती, चप्पल शिवणाऱ्याला?

पुरस्कर्ता : विचारायलाच हवं. महामंडळ सरकारी आहे, आमदारांनी विधानसभेत विचारावं. माझा अंदाज आहे की आजच्या मजुरीपेक्षा बरंच जास्त मिळेल.

साशंक : शिवणाऱ्याला मिळेलही. पिशवीत कातडं कमावणाऱ्या ढोर समाजातल्या माणसाला? कोल्हापुरीला लागणारं बरंचसं चामडं आता तमिळनाडूतून तयार येतं. मानांकन चपलेला मिळालं. ज्याने बाभळीच्या सालीत हात घातले त्याचं नाव त्या प्रमाणपत्रावर आणायचं तर आधी त्याची टॅनरी चालू राहायला हवी, आणि तिच्या सांडपाण्याचा खर्च कोणीतरी द्यायला हवा. तो तुम्ही मिलानकडे मागणार की मुंबईकडे?

पुरस्कर्ता : मिलानकडे. मुंबईकडे मागून बघितलंय.